नव्वद वर्षांच्या मातीच्या धरणाखाली जमीन असेल तर काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर ग्वाल्हेरला लष्कर भागात, वडिलोपार्जित शेती डबरा-भितरवारच्या बाजूला, 1930 च्या दशकातल्या एका मातीच्या धरणाच्या खाली. यंदा पाऊस संपता संपता धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली, एका पट्ट्यात गवत इतरांपेक्षा हिरवं आहे, भरावावर बाभळी माजल्या आहेत आणि एक पिंपळही आहे. गावातले अर्धे लोक म्हणतात धरणाचं आयुष्य संपलं, अर्धे म्हणतात शिंदे महाराजांच्या काळचं काम आहे, त्याला काही होत नाही. काकांचा आग्रह आहे की जमीन विकून मोकळं व्हावं. आणि तुम्ही फोटो पाठवून विचारता आहात की धरण सुरक्षित आहे का.

फोटोवरून हे कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या धरणांच्या तपासणीत माझी सगळी नोकरी गेली, तरी मलाही नाही. पण काय पाहायचं, कधी पाहायचं आणि कोणत्या गोष्टीला खरोखर घाबरायचं, हे सांगता येईल. गावातली दोन्ही मतं मात्र चुकीची आहेत.

आधी वयाबद्दल. ग्वाल्हेरच्या माणसाला यासाठी लांब जायला नको. आपण ज्या तिघरा धरणाचं पाणी पितो ते सांक नदीवर माधवराव शिंदे महाराजांच्या काळात बांधलं गेलं. चुन्यातली दगडी भिंत, उंची 24 मीटर, वर विश्वेश्वरय्यांच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे. त्या काळातलं उत्तमातलं उत्तम काम. ते 1917 च्या ऑगस्टमध्ये, बांधून जेमतेम झालं असताना फुटलं. भिंतीच्या सुमारे 400 मीटर लांबीवरून 0.85 मीटर पाणी वाहत होतं आणि भिंतीचे दोन मोठे तुकडे अख्खेच्या अख्खे पुढे सरकले. आज आपण पाहतो ते धरण 1929 मध्ये पुन्हा उभारलेलं आहे. पानशेतही 12 जुलै 1961 ला पहिल्याच भरण्यात गेलं. अमेरिकेतलं टेटन 1976 मध्ये पहिल्यांदा भरतानाच फुटलं. धरणांच्या इतिहासात पहिलं भरणं आणि त्यानंतरची थोडी वर्षं सर्वांत घातक असतात, कारण पायातले आणि भरावातले दोष तेव्हाच उघडे पडतात. तुमचं धरण त्यातून केव्हाच पार पडलं आहे. तेव्हा ‘नव्वद वर्षं झाली म्हणून फुटणार’ हे काही खरं नाही.

‘महाराजांच्या काळचं’ म्हणून निर्धास्त राहणंही तितकंच चूक, आणि त्याचं उत्तरही तिघऱ्यातच आहे. तिघरा कामचुकारपणामुळे फुटलं नाही. पाया वालुकाश्माचा, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं आणि भिंतीला खालून उचलू लागलं. निव्वळ उदाहरणासाठी 24 मीटर उंच, तळाशी 16 मीटर रुंद अशी त्रिकोणी दगडी भिंत घ्या. काठोकाठ पाणी असताना ते दर मीटर लांबीला सुमारे 288 टन जोराने भिंत पुढे ढकलतं. भिंतीचं वजन साधारण 440 टन. घर्षणाचा गुणांक 0.7 धरला तर भिंत 308 टनांपर्यंत तग धरते, म्हणजे थोडक्यात का होईना, टिकते. आता तळात पाणी शिरलं, मागच्या बाजूला पूर्ण दाब आणि पुढच्या बाजूला शून्य, तर वर उचलणारं बल 190 टनांच्या घरात जातं. उरलं वजन 250 टन, धरून ठेवणारं घर्षण 175 टन, आणि ढकलणारे 288 तसेच. वरून 0.85 मीटर पाणी वाहत असेल तर ढकलण्यात आणखी 20 टनांची भर. भिंत आणि खडक यांच्यातली पकड मी हिशोबात धरलेली नाही, पण मुद्दा लक्षात येईल. फ्रान्समधलं बूझे धरण 1895 मध्ये असंच गेलं आणि त्यानंतर हा खालचा दाब इंजिनिअर लोक गंभीरपणे मोजू लागले. ते ज्ञान सगळीकडे, सगळ्या नकाशांत उतरायला पुढे कित्येक वर्षं लागली. जुन्या कामात माणसं चोख असतात, ज्ञान त्या काळापुरतंच असतं.

मातीच्या धरणाचीही तीच गोष्ट. हरसीसारखी आपल्याकडची मोठी मातीची कामं 1930 च्या दशकातली. माती किती ओलाव्यावर किती दाबावी याची प्रॉक्टरची चाचणी 1933 मध्ये छापून आली. त्याआधीचे भराव गाढवांवरून, बैलगाड्यांतून माती आणून, थर देऊन, पाणी मारून, दगडी रूळ फिरवून केलेले. अनुभवी मुकादम पायाखाली माती कशी लागते त्यावरून ओलावा ओळखत आणि पुष्कळदा बरोबर ओळखत. नव्वद वर्षांत तो भराव स्वतःच्या वजनाने बसून घट्टही झालेला असतो. उणीव आहे ती गाळणीथराची. आजच्या धरणात गाभ्याच्या (पाणी अडवणाऱ्या मधल्या चिकण मातीच्या) मागे वाळू-खडीचा हिशोबाने निवडलेला थर असतो. तो पाणी जाऊ देतो, मातीचा कण अडवतो. जुन्या भरावांत असा थर बहुधा नसतोच. म्हणून जुन्या मातीच्या धरणात माझी नजर आधी पाझराकडे जाते.

आता तुमची ओल. मातीचं प्रत्येक धरण पाझरतं, अगदी नवं कोरंसुद्धा. ओल दिसली म्हणजे धोका, असं नाही. प्रश्न तीन आहेत: पाणी स्वच्छ येतं की गढूळ, जलाशयाची पातळी तेवढीच असताना पाझर मागच्या वर्षीपेक्षा वाढला का, आणि जागा बदलली का. स्वच्छ पाणी वर्षानुवर्षं तेवढंच येत असेल तर ते धरणासोबत म्हातारं झालेलं पाणी आहे, त्याला येऊ द्या. गढूळ पाणी म्हणजे भरावाच्या पोटातून माती बाहेर निघते आहे. ती बाहेरच्या टोकाकडून आत पोखरत जाते, बीळ जलाशयाच्या दिशेने लांबत जातं, आणि ते पाण्याला भिडलं की पुढचं सगळं काही तासांत आटोपतं. टेटनला सकाळी सातच्या पुढे गढूळ झरा वाहताना दिसला आणि दुपारी बाराच्या आत धरण गेलं. तेही 93 मीटर उंचीचं.

म्हणून काचेची एक पारदर्शक बाटली घ्या, पाझराचं पाणी भरा, रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर बसलेला दिसला तर त्याच दिवशी धरणाच्या मालक खात्याला लेखी कळवा, उद्यावर टाकू नका. पाणी भरून घेण्याइतकं वाहतच नसेल, नुसती दलदल असेल, तर ओलीच्या कडेला खुंट्या ठोका आणि दर आठवड्याला ओल खुंटीच्या पुढे गेली का ते बघा. वाहत असेल तर त्याच खात्याकडे तिथे व्ही-नॉच बसवण्याची मागणी करा. लोखंडी पत्र्याला त्रिकोणी खाच असते आणि खाचेतून पाणी किती उंचीने जातं त्यावरून प्रवाह कळतो. नव्वद अंशाच्या खाचेत 5 सेंटीमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटर आणि 10 सेंटीमीटरला जवळजवळ साडेचार लिटर जातं. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं. डोळ्यांना हा फरक ‘थोडं वाढलंय’ एवढाच दिसतो, आणि इथेच माणसं फसतात. प्रत्येक नोंदीशेजारी त्या दिवशीची जलाशयाची पातळी हवीच. ती नसेल तर पाझराचा आकडा काहीच सांगत नाही, कारण पातळी वाढली की पाझर वाढणारच.

पायथ्याशी किंवा पुढच्या शेतात जमिनीतून बुडबुडे येत असतील आणि भोवती वाळूची लहानशी गोल वरंबी तयार होत असेल, तर ते पायाखालून येणारं पाणी आहे. अशा वेळी गावकरी एक गोष्ट फार चांगल्या मनाने करतात आणि ती फार वाईट ठरते: काळी माती आणून भोक बुजवतात. पाणी थांबत नाही, त्याचा दाब आत वाढतो आणि ते दुसऱ्या जागी जास्त जोराने फुटून निघतं. पाण्याला वाट द्यायची आणि मातीला अडवायचं, एवढंच करायचं असतं. आधी भरड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. बुडबुडा जोरात असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत पाणी थोडं साचू द्यायचं, म्हणजे वरून प्रतिदाब मिळतो. हे गावातल्या चार तरण्या मुलांना शिकवून ठेवा. धरणाजवळ दोन ट्रॉल्या भरड वाळू आणि दोन ट्रॉल्या खडी पावसाळ्याआधी टाकून ठेवलेली असणं ही सगळ्यांत स्वस्त सुरक्षा आहे.

तुमच्या हिरव्या पट्ट्याचं ठिकाण मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिता की तो स्लूसच्या (पाणी सोडायच्या दरवाजाच्या) उजव्या अंगाला आहे. जुन्या धरणात भरावाच्या पोटातून दगडी किंवा विटांची मोरी नहरीपर्यंत, म्हणजे कालव्यापर्यंत, आलेली असते. माती बसते, दगड बसत नाही. त्यामुळे मोरीच्या कडेने पोकळी राहू शकते. मोरीचे सांधे चुन्याचे, चुना वर्षानुवर्षं विरघळत जातो आणि सांध्यांतून आजूबाजूची माती आत ओढली जाते. पानशेतलाही घात झाला तो आउटलेटच्या, म्हणजे अशाच मोरीच्या, जागीच. तिथला भराव खचत गेला आणि त्यावरून पाणी आलं. म्हणून नहर बंद असते त्या दिवसांत, दरवाजा पूर्ण बंद करून, मोरीची आतून तपासणी झाली आहे का, हे विचारा. शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, काय लिहिलं, हे तिन्ही विचारा. मोरीच्या बरोबर वर, माथ्यावर किंवा उतारावर, एखादा खळगा पडलेला दिसला तर तो आधी मुजवू नका. फोटो काढा, मोजमाप घ्या, कळवा. गुपचूप मुजवलेला खळगा म्हणजे हातचा पुरावा गेला.

बाभळींबद्दल. भरावावर झाड नको, हा नियम बरोबर आहे. मुळं पाण्याच्या शोधात आत शिरतात, झाडाखाली तपासणीला दिसत नाही, वाऱ्याने झाड उन्मळलं तर भरावाचा मोठा लचका घेऊन जातं. पण उत्साहाने सगळी झाडं एका हंगामात बुडापासून कापणं हेही धोक्याचं आहे. मोठ्या झाडाची मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. मनगटाहून बारीक झुडपं दरवर्षी काढावीत. जुना पिंपळ काढायचा तर जलाशय खाली असताना, मुळांसकट खणून, खड्डा थराथराने त्याच जातीच्या मातीने दाबून भरावा. ते खात्याचंच काम, गावाने हात घालू नये. वाळवीची वारुळं आणि साळिंदराची बिळं मात्र गावाने दाखवून द्यावीत. कागदावरच्या तपासणीत ती सहसा येत नाहीत.

माथ्यावरून एकदा शांतपणे चाला. लांबीच्या दिशेने गेलेली भेग बहुधा वाळण्याची किंवा भराव बसण्याची असते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. माथा आडवा ओलांडून एका उताराकडून दुसऱ्या उताराकडे जाणारी भेग दिसली तर ते गंभीर आहे, कारण ती पाण्याला सरळ रस्ता देते. माथा कुठे खोलगट झाला आहे का तेही पाहा. गुरांच्या वाटेने, ट्रॅक्टरच्या चाकोरीने वर्षानुवर्षं माती झिजते आणि एखाद्या जागी माथा हातभर खाली गेलेला असतो. पुरात पाणी आधी तिथूनच ओलांडणार, आणि मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की ते थांबवणं माणसाच्या हातात राहत नाही. लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून माथ्याचे आकडे घ्यायला एक दिवस पुरतो.

इथून मी मला सर्वांत जास्त काळजी वाटणाऱ्या गोष्टीवर येतो. तुम्ही ती विचारलीच नाही. सांडवा, म्हणजे पुराचं जादा पाणी बाहेर जायची वाट. तुमचं धरण बांधलं तेव्हा पुराचा अंदाज डिकेन्ससारख्या सूत्रांनी काढत: पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून एक आकडा काढायचा आणि तो एका गुणांकाने गुणायचा. तो गुणांक कोणता धरायचा हे बरंचसं अनुभवावर असे. आजच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 11223) 6 कोटी घनमीटरपेक्षा जास्त साठा किंवा 30 मीटरपेक्षा जास्त पाण्याची उंची असलेल्या धरणाला संभाव्य महत्तम पूर (तिथे येऊ शकेल असा मोठ्यात मोठा) झेपला पाहिजे. 1 ते 6 कोटी घनमीटरच्या धरणाला प्रमाण प्रकल्प पूर (त्याहून लहान, तरी मोठाच), आणि त्याहून लहानाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. जुना सांडवा या मापात पुष्कळदा अपुरा पडतो. गुजरातेत मोरबीचं मच्छू-2 धरण सांडव्याच्या 5,663 घनमीटर प्रति सेकंद क्षमतेवर बांधलं होतं. 11 ऑगस्ट 1979 ला त्याच्या दुपटीहून अधिक पूर आला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. ते धरण म्हातारं नव्हतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये सिंध नदीने दतिया जिल्ह्यातले पूल कसे नेले ते आपल्या भागातल्या कुणालाही सांगायला नको. सांडव्याच्या तोंडाशी मासेमारीची जाळी, पाणी थोडं जास्त साठावं म्हणून रचलेली पोती, सांडव्याच्या वाटेत केलेली शेती, हे तुमच्या धरणावर असेल तर ते पायथ्याच्या ओलीपेक्षा मोठं संकट आहे. रब्बीत एक पाणी जास्त मिळावं म्हणून गावच सांडव्यावर पोती लावतं, हे मी पाहिलेलं आहे. त्या लोकांची गरज खरी असते. पण त्या पोत्यांच्या उंचीइतकी पुराची जागा आपण स्वतःच काढून घेतो.

गाळाबद्दल दोन वाक्यं. साठा कमी होतो, हे खरं. पण जुन्या धरणात भरावाला लागून बसलेला बारीक गाळ पाझर रोखणारी चादरही असतो. म्हणून ‘गाळ काढा, शेतात टाका’ या चांगल्या योजनेतही जेसीबी भरावाच्या आतल्या पायथ्याजवळ येऊ देऊ नका. गाळ जलाशयाच्या वरच्या भागातून काढावा.

घाबरून पाणी झपाट्याने सोडायची मागणीही जपून करा. जलाशय एकदम उतरला तर आतल्या बाजूच्या उतारातलं पाणी तितक्या लवकर निचरत नाही आणि तो उतार जड होऊन घसरतो. तातडीचा धोका नसेल तर पातळी बेताबेताने उतरवतात. खरोखर तातडी असेल तर गोष्ट वेगळी. धार जिल्ह्यातल्या कारम धरणावर 2022 च्या ऑगस्टमध्ये पाझर सुरू झाला तेव्हा खालची गावं रिकामी केली आणि बाजूने चर खणून पाणी काढून दिलं. माणसं वाचली. रत्नागिरीत तिवऱ्याला 2019 च्या जुलैत धरण रात्री फुटलं. गळतीबद्दल गावकरी आधी बोलले होते.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. धरण सुरक्षा अधिनियम 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. 10 ते 15 मीटरची धरणंही येतात, जर माथा निदान 500 मीटर लांब किंवा साठा निदान 10 लाख घनमीटर असेल. आणखीही काही अटी आहेत. तुम्ही सांगितलेली माथ्याची लांबी पाहता तुमचं धरण यात बसायला हवं. मालक खात्याने दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची असते. आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यांकन यांना कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली होती. माहितीच्या अधिकारात चार कागद मागा: शेवटच्या दोन तपासण्यांचे अहवाल, पाझराची नोंदवही, सांडव्याच्या क्षमतेचा पुनर्आढावा, आणि धरण फुटल्यास पाणी कुठवर जाईल त्याचा नकाशा. कागद मिळाले तर उत्तम. ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवण्यासारखं उत्तर आहे.

आणि जमीन. विकू नका, निदान या ओलीमुळे तरी नाही. ज्या धरणाची नहर तुमच्या धानाला पाणी देते त्याच्यावर नजर ठेवणारी माणसं गावातच असली पाहिजेत; जमिनी विकून ती निघून गेली तर पाझर मोजणार कोण? फक्त नदीच्या जुन्या पात्रात किंवा धरणाच्या सरळ रेषेतल्या खोलगट भागात नवं घर, मजुरांच्या खोल्या, गोठा बांधू नका. उंच बाजूला बांधा आणि तिकडे जाणारी वाट पावसातही चालण्याजोगी ठेवा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: बाटलीच्या तळाशी काय बसलं, त्या दिवशी पट्टीवर जलाशयाची पातळी किती होती, आणि ओल स्लूसच्या भिंतीपासून किती पावलांवर आहे. ती दहा पावलांच्या आत असेल तर पाणी गढूळ होण्याची वाट न पाहता मोरीची तपासणी मागा.